साभार परत

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात ‘साभार’ हा शब्द दोन जागी भेटतो. नापसंत पडलेले लेखन लेखकाकडे धाडताना संपादक ‘साभार परत’ असे लिहीत आले आहेत. आणि कुणाचे तरी छायाचित्र मोबदला न देता छापायचे असेल, तर त्याखाली ‘साभार’ एवढेच लिहून मोकळे होतात. पहिल्या जागी वस्तू परत जाते, वर आभारही मिळतात. दुसऱ्या जागी वस्तू ठेवून घेतली जाते आणि आभार तेवढे रवाना होतात. तेही पुष्कळदा कुणाच्या नावे, हे न सांगता. ‘आंतरजालावरून साभार’ ही तर या प्रकाराची परिसीमा. आंतरजाल नावाचा छायाचित्रकार अद्याप जन्माला यायचा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा ‘साभार’ आहे. छायाचित्रकाराने आपले काम इतरांना विनामोबदला वापरू द्यावे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो नेहमी छायाचित्रकारालाच विचारला जातो. त्याच्या उदारतेची, समाजाभिमुखतेची, ज्ञानाच्या मुक्त प्रसारावरील निष्ठेची ती जणू परीक्षा असते. माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचा पत्ताच चुकला आहे. द्यावे की न द्यावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचे काम त्याचा. जाब विचारायचाच, तर तो मागणाऱ्याला विचारायला हवा: फुकट मागण्याचा नैतिक अधिकार तुम्हाला कशाने प्राप्त झाला?

हा प्रश्न हवेत चर्चिण्यापेक्षा एखाद्या गावाच्या भूमीवर उभा करून पाहावा. पनवेल त्याला सोयीचे आहे. येथे छायाचित्रकारांच्या किमान तीन तऱ्हा नांदतात. पहिला स्टुडिओवाला: लग्न, मुंज, बारसे, पासपोर्टचा फोटो. दुसरा रानात जाणारा. १९६८ साली घोषित झालेले कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य पनवेलपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तेथे येणाऱ्या तिबोटी खंड्याच्या एका क्षणासाठी माणसे दिवसचे दिवस चिखलात बसून काढतात. तिसरा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, बदलत्या मुलखाची नोंद ठेवणारा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे यांसारखी दहा गावठाणे हलवली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले; २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी विमाने उडू लागली. जमीन होती तेथेच आहे, पण तिच्यावरचे घर, अंगण, बांध, विहीर हे सारे आता पाहायचे तर कुणीतरी वेळीच काढून ठेवलेल्या छायाचित्रातच पाहावे लागते.

अशी छायाचित्रे मग सर्वांनाच हवी असतात. पुरवणीच्या संपादकाला हवी असतात, दिवाळी अंकाला हवी असतात, प्रबंधकाराला हवी असतात, उत्सवाच्या स्मरणिकेला हवी असतात, आणि त्याच भूमीवर इमारत उभारणाऱ्या बिल्डरच्या माहितीपुस्तिकेलाही ‘पूर्वीचे निसर्गरम्य गाव’ म्हणून हवी असतात. मागणीचे शब्द ठरलेले असतात: ‘बजेट नाही, पण तुमचे नाव टाकू.’

या वाक्याचा उत्तरार्ध नीट तपासण्यासारखा आहे. १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. आणि ते काढणारी व्यक्ती ही तिची कर्ती आहे. त्याच कायद्याचे ५७वे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा, आणि कृतीची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा हक्क देते. हा हक्क प्रताधिकार विकून टाकल्यावरही उरतो. अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनासाठी घडवलेले भित्तिशिल्प सरकारने काढून अडगळीत टाकले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सरकारला दोषी धरले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही. म्हणजे ‘नाव टाकू’ असे म्हणणारा जे मुळातच छायाचित्रकाराचे आहे, तेच त्याला बक्षीस म्हणून देऊ करतो. घरमालकाला त्याच्याच ओसरीवर बसायची परवानगी देण्याचा हा थाट आहे.

मागणारे दुष्ट असतात असे नाही. त्यांच्या मनात छायाचित्राविषयी एक जुनी समजूत घर करून आहे, आणि ती आपल्या भाषेतही उमटलेली दिसते. कविता आपण ‘लिहितो’, शिल्प ‘घडवतो’. फोटो मात्र ‘काढतो’. चित्रही ‘काढतो’ हे खरे. पण चित्र आपण बोटांतून काढतो आणि फोटो विहिरीतून पाणी काढावे तसा. पाणी विहिरीत होतेच; पोहरा सोडला, वर आले. टेकडी तेथे होती, पक्षी तेथे होता, यंत्राने टिपले. त्यात तुमचे काय? या युक्तिवादाला उत्तर सोपे आहे. मराठी भाषाही कवीच्या आधीपासून होतीच. तिच्यातला एकही शब्द त्याने निर्माण केलेला नसतो. तरी आपण कवितेला कवीची म्हणतो, कारण असंख्य शक्यतांतून त्याने एक निवडलेली असते. कोठे उभे राहायचे, केव्हा थांबायचे, चौकटीबाहेर काय ठेवायचे, ही निवड म्हणजेच छायाचित्र. कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. २०१२पर्यंत छायाचित्राचा प्रताधिकार प्रकाशनापासून ६० वर्षे टिके. लेखकाचा मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. २०१२च्या दुरुस्तीने हा भेद पुसला गेला. मराठी साहित्यव्यवहारात तो अजून पुसलेला नाही.

याचे प्रत्यंतर पाहायचे असेल, तर आपल्याच कपाटातली पुस्तके उघडावीत. मलपृष्ठावर लेखकाचे छायाचित्र असते; ते कुणी काढले याचा उल्लेख किती पुस्तकांत सापडतो? गौरवग्रंथ, चरित्रे, पत्रसंग्रह यांत पानेच्या पाने छायाचित्रे असतात, आणि खाली चित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे शिस्तीत दिलेली असतात. चित्राच्या अलीकडे उभा असलेला माणूस तेवढा वगळलेला असतो. साहित्याचे अध्यापक एखाद्या अभंगातील एक ओळ प्रक्षिप्त आहे की नाही यासाठी हयात खर्ची घालतात. विद्यार्थ्याने एखाद्या समीक्षकाचा परिच्छेद नामोल्लेखाविना उतरवला, तर त्याला आपण वाङ्मयचौर्य म्हणतो. तोच विद्यार्थी आपल्या प्रबंधात वीस छायाचित्रे निनावी डकवतो, आणि आपण प्रबंध देखणा झाल्याबद्दल त्याची पाठ थोपटतो. संशोधन वा समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला कायदा मोकळीक देतो, हे मान्य. पण ती मोकळीक नाव गाळण्याची नव्हे.

येथे एक आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो. ज्ञान दिल्याने वाढते. आपल्या संतांनी कुठे मानधन घेतले? त्यांची रचना गावोगाव गायली गेली, कुणाची परवानगी लागली नाही. हा दाखला फार बोलका आहे, पण आक्षेपकांना वाटतो त्या अर्थाने नव्हे. अभंग सर्वांसाठी मोकळा होता. पण त्याच्या अखेरच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ अशी नाममुद्रा कोरलेली होती. निरक्षर वारकऱ्यानेही गाताना ती गाळली नाही. सातशे वर्षांच्या मौखिक प्रसारात टिकलेले नाव आपण छापील पानावर, एका ओळीची जागा वाचवण्यासाठी, गाळतो. वारशाचा आधार घ्यायचाच असेल, तर तो संपूर्ण घ्यावा.

दुसरी गोष्ट अशी, की ‘फुकट’ काम कधीच फुकट नसते. त्याचा खर्च कुणीतरी अन्यत्र सोसलेला असतो. कनू गांधींना गांधीजींनी छायाचित्रे काढू दिली, ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मी चित्रासाठी खास बसणार नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. तिसरी अट आपल्याला मोठी सात्त्विक वाटते. पण कॅमेरा आणि फिल्म आली ती घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून. गांधीजींनी खर्च नाकारला तो उघडपणे, आधी सांगून; आणि खर्च आहे हे मान्य करून. आजचा मागणारा मात्र खर्च असतो हेच मान्य करत नाही. चिखलात काढलेले दिवस, भिंगाचे हप्ते, रिकाम्या हाती परतलेल्या खेपा, हे सारे त्याच्या लेखी ‘तुमचा छंद’ असते.

‘छायाचित्र दिल्याने तुमच्याकडचे कमी होत नाही’ असेही सांगतात. जमीन दिली की जाते. प्रत दिली तरी मूळ राहते. युक्तिवाद बिनतोड भासतो. पण पनवेल-उरणच्या माणसाला या भाषेचा अनुभव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि लोकहिताच्या नावाने ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. लोकहित खोटे नव्हते. शहर खरोखरच उभे राहिले. पण ज्याच्या शेतावर ते उभे राहिले, त्याने विचारले, की या लोकहितातून इतर सर्वांचे हित होत असताना माझेच तेवढे त्यागात का मोजता? दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ भूधारकाला परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. विमानतळाच्या वेळी हाच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. रक्त सांडून मिळवलेल्या हक्काशी एका छायाचित्राच्या मोबदल्याची बरोबरी करण्याचा उद्देश नाही. तशी बरोबरी अश्लाघ्य ठरेल. पण तत्त्व एकच आहे. ‘लोकहित’ हा शब्द उच्चारल्याने देणाऱ्याचा वाटा संपत नाही. ज्या व्यवहारातून कुणीतरी मिळवतो आहे, त्या व्यवहारात केवळ मूळ देणाऱ्यानेच निरिच्छ असावे, ही अपेक्षा उदात्त नसून सोयीची असते.

यातूनच मला एक साधी कसोटी सुचवाविशी वाटते. छायाचित्र फुकट मागण्यापूर्वी मागणाऱ्याने स्वतःला विचारावे: या साखळीत आणखी कुणाला पैसे मिळत आहेत? दिवाळी अंकाचा कागदवाला उधारीवर का होईना, पैसे घेतो. छापखाना घेतो. बांधणीवाला घेतो, टपालखाते घेते, जाहिरात आणणारा आपले कमिशन घेतो. अंकाला पैसे नसतात असे नाही. ते छायाचित्रापाशी येईपर्यंत संपलेले असतात, कारण ते तेथे पोहोचावेत अशी योजनाच नसते. साखळीत एकालाही मोबदला मिळत असेल, तर छायाचित्रकारालाही मिळाला पाहिजे. थोडा मिळेल, पण शून्य नव्हे. आणि खरोखरच कुणालाच मिळत नसेल, संपादक पदरमोड करून अंक काढत असेल, लेखकही विनामूल्य लिहीत असतील, तर छायाचित्रकाराने मोकळ्या मनाने द्यावे. लघुनियतकालिकांचा इतिहास अशाच सामुदायिक दारिद्र्यातून घडला आहे. ते दारिद्र्य वाटून घेतलेले होते, एकावर लादलेले नव्हते.

मुक्त परवान्यांच्या पुरस्कर्त्यांशी माझे भांडण नाही; उलट मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पाला स्थानिक छायाचित्रांची नितांत गरज आहे, आणि कर्नाळ्याचा सुळका किंवा एखादे गावदेऊळ तेथे असणे मला मोलाचे वाटते. पण देणाऱ्याने काय देतो आहोत हे जाणून द्यावे. २००४पासून चालणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर व्यावसायिक वापराला मनाई करणारा परवाना चालत नाही. म्हणजे तेथे ठेवलेले चित्र शाळेतल्या मुलाला जितके मोकळे, तितकेच जाहिरातदारालाही मोकळे. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. अमेरिकेतील कॅरोल हायस्मिथ यांनी आपली हजारो छायाचित्रे तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाला लोकांसाठी अर्पण केली. पुढे त्यांच्याच संकेतस्थळावरील त्यांच्याच एका छायाचित्रासाठी १२० डॉलर भरा, असे पत्र त्यांना आले; चित्रांचा व्यापार करणाऱ्या कंपन्या तेच मोफत चित्र विकत होत्या. २०१६ साली त्या न्यायालयात गेल्या, पण त्यांचे मुख्य दावे टिकले नाहीत. एकदा सर्वांचे झालेले चित्र विकण्याचा अधिकारही सर्वांचा. विहीर गावाला अर्पण करावी आणि गावातल्या एकाने तिच्यावर पंप बसवून दात्यालाच पाणी विकावे, असा हा न्याय. दान करू नये असा याचा अर्थ नव्हे. दानाची स्तुती करणाऱ्यांनी पंपाविषयीही बोलावे, एवढाच.

आता नाण्याची दुसरी बाजू. तिच्याकडे न पाहता थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. छायाचित्रकारांचाही एक पक्ष असा आहे, की जो ‘एकही चित्र फुकट देणार नाही’ अशी शपथ घेऊन बसला आहे. त्यांना विचारावेसे वाटते, की चित्रातल्या माणसाचे काय? हलवलेल्या गावातली म्हातारी, खाडीत जाळे टाकणारा कोळी, मोडक्या भिंतीपाशी उभे असलेले पोर. यांनी आपला चेहरा दिला तो कोणत्या दराने? कायदा काढणाऱ्याला कर्ता मानतो. दिसणाऱ्याला त्यात वाटा नाही. यातला विनोद असा, की स्टुडिओत पैसे मोजून फोटो काढवून घेणाऱ्याला, अन्यथा करार नसेल तर, सतराव्या कलमानुसार प्रताधिकारच मिळतो. म्हणजे लग्नाच्या फोटोचा मालक नवरामुलगा असतो, स्टुडिओवाला नव्हे. पैसे देऊ शकणाऱ्या चेहऱ्याला मालकी, आणि न देऊ शकणाऱ्याला केवळ प्रसिद्धी! २००७ साली व्हर्जिन मोबाइलने ऑस्ट्रेलियातील जाहिरातीत मुक्त परवान्याखालील एक छायाचित्र वापरले. परवाना होता, पण चित्रातल्या अमेरिकन मुलीला कुणी विचारलेच नव्हते. २०१९ साली उघड झाले, की आयबीएमने अशाच मुक्त परवान्यांखालील सुमारे १० लाख छायाचित्रे चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणांच्या संशोधनासाठी गोळा केली होती. देणाऱ्यांनी चित्रे दिली होती. चेहरे त्यांचे नव्हते.

म्हणून ज्या छायाचित्रकाराला संपादकाकडून मोबदला हवा आहे, त्याच्यावर एक ऋण आहे, आणि ते त्याने स्वतः होऊन फेडावे. हलवलेल्या गावाच्या माणसांना त्यांच्या घराचे, देवळाचे, माणसांचे चित्र मागताच मिळाले पाहिजे. विनामूल्य, आणि उपकाराची भाषा न करता. त्यांच्या दिवाणखान्यात ते लागो, त्यांच्या मंडळाच्या स्मरणिकेत छापले जावो. तेथे ‘माझा प्रताधिकार’ म्हणणे कायद्याला धरून असेल; शोभणारे नाही. फुकट देण्याची जागा असेल तर ती ही: ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देण्याची. विपर्यास असा, की पुष्कळदा संपादकाला संकोचाने फुकट दिले जाते आणि गावकऱ्याला प्रतीसाठी खेपा घालाव्या लागतात.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. सुरुवातीच्या काळात मुंबईत त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. पुढे त्या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, आयुष्याचा मोठा भाग याच कामावर जगल्या, आणि उत्तरायुष्यात आपला संग्रह त्यांनी अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपवला. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी नाव, मग मोबदला, मग दान. आपण हा क्रम उलटा करू पाहतो. ज्याला अद्याप नावही मिळालेले नाही, त्याच्याकडून आधी दान मागतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हे सांगण्याचे कारण असे, की मागणाऱ्यांच्या रांगेत आपण पुढे उभे असतो. बिल्डर फुकट मागतो तेव्हा त्याला आपण लुबाडणारा म्हणतो. महाविद्यालयाचे वार्षिक मागते तेव्हा ते संस्कृतिकार्य ठरते. ‘मानधन’ हा आपला लाडका शब्द. त्यातले धन कधीच गळून गेले. छायाचित्रकाराच्या बाबतीत मानही उरला नाही. सुधारणा करायला पैसा लागतोच असे नाही. छायाचित्राखाली, आभाराच्या पानात दडवून नव्हे, कर्त्याचे नाव छापावे. कशासाठी, किती काळ वापरणार, हे लेखी विचारावे. अंकाच्या अंदाजपत्रकात कागद आणि छपाईच्या खाली ‘छायाचित्रे’ अशी एक ओळ असावी, मग तिच्यापुढचा आकडा कितीही लहान असो. आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटले, तर ते शब्द न कुरकुरता ऐकून घ्यावेत. नकार देता येतो तेव्हाच होकाराला दानाचा अर्थ येतो.

तोवर छायाचित्रकारांनीही एक जुना शब्दप्रयोग संपादकांकडून उसना घ्यायला हरकत नाही. ‘बजेट नाही, पण नाव टाकू’ अशी विनंती आली, आणि साखळीतल्या इतर सर्वांना पैसे मिळत असल्याचे दिसले, तर विनंतीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून ती पाठवून द्यावी: साभार परत.